हातोहात गेलेले संगीत

मंडळी, भजनाची नवी चाल हाती लागली, की ती चार जणांना ऐकवल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातही असेच घडले. चक शुल्डिनर या शाळकरी वयाच्या मुलाने १९८४ मध्ये मित्रांसह 'डेथ' नावाचा संच उभा केला आणि साध्या साधनांनी कॅसेटी भरल्या. तबकडी निघाली ती १९८७ मध्ये. तोवर शौकीन त्या कॅसेटींच्या नकला करून टपालाने एकमेकांना धाडत. नकलेची नक्कल होता होता खरखर वाढे. पण पुढचा ती जिवापाड जपे.

या संगीताला 'डेथ मेटल' म्हणतात. गायक घशातून गुरगुरतो, ढोल दोन्ही पायांनी वाजतात. प्रथम ऐकाल तर म्हणाल, हा नुसता गोंगाट! पण १९९१ ची 'ह्यूमन' ही तबकडी लावा, गाणे सोडा आणि ढोलाच्या मात्रा मोजा. मध्येच लय पालटते, तुमची मोजणी चुकते. वाजवणारे मात्र चुकत नाहीत. कसबाच्या या शाखेला 'टेक्निकल' हे विशेषण लागले.

पुढे चकला मेंदूत गाठ झाली. उपचारांसाठी वादकांनी कार्यक्रम केले, चाहत्यांनी पैसे जमवले. तरी २००१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो गेला.

गुरुजी, एखादा मुलगा असले काही घेऊन आला, तर कानांवर हात ठेवू नका. "यात तुला काय आवडले, ते दाखव," एवढेच म्हणा. ऐकवणाऱ्याला ऐकणारा हवा असतो.