तारेची साधने आणि बिनतारी साधने : भरवसा कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय मी मुद्दामच घरगुती निवडला आहे. आपल्या उद्योग विभागासाठी नवी साधने घ्यावयाची आहेत. ती वायरची घ्यावीत की हल्लीची चार्जिंगवर चालणारी, याविषयी आपल्यात दोन मते आहेत. हा पैसा भगिनींनी मसाले कुटून आणि पापड लाटून साठवलेला आहे. तो चुकीच्या वस्तूत अडकला तर दुकानदाराचे काही जात नाही; जाते ते आपले. तेव्हा कोणत्याही बाजूची वकिली न करता मी हिशेब तेवढा आपल्यापुढे मांडते.

बॅटरीवर चालणारी हत्यारे अगदी कालची नव्हेत. बिनतारी ड्रिल यंत्र अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली आणले. त्यातले घट निकेल-कॅडमियमचे होते आणि ताकद बेताचीच होती. खरा पालट झाला तो लिथियम-आयन बॅटरीमुळे. सोनी कंपनीने ती १९९१ साली विक्रीस आणली आणि तिच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मोबाइलमध्ये आहे तीच ही जात. तेव्हा या वस्तूंना खेळणी म्हणून हसण्याचे कारण नाही.

पण ताकदीचा हिशेब पाहा. भिंतीतली वीज म्हणजे नळ आणि बॅटरी म्हणजे घागर. चांगल्या बिनतारी ड्रिलची बॅटरी १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास असते. दोहोंचा गुणाकार ३६ वॉट-तास. आपला नेहमीचा मिक्सर ६०० वॉटचा धरला, तर ही सबंध घागर साडेतीन-पावणेचार मिनिटांत रिकामी होईल. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेला अशी अडचण नाही. मोटर तापू नये म्हणून मध्ये विसावा दिला की झाले. म्हणून चार्जिंगचा लहान मिक्सर एका माणसाच्या सरबताला उत्तम. पण पन्नास माणसांच्या जेवणाचे ओले वाटण त्याच्याने व्हायचे नाही. बिनतारी इस्त्रीचेही तेच. ती बैठकीवर ठेवून तापवायची, उचलली की निवू लागते. रुमालांना ठीक, नऊवारी लुगड्याला पुन्हा पुन्हा बैठकीकडे धाव.

आता टिकाऊपणा. वायरचे यंत्र बहुधा तीन ठिकाणी बिघडते: प्लगपाशी वायर तुटते, बटण जाते किंवा मोटरमधले कार्बन ब्रश झिजतात. तिन्ही गोष्टी कोपऱ्यावरचा वायरमन थोड्या पैशांत करून देतो. बॅटरीची गोष्ट निराळी. ती वापरली तरी म्हातारी होते आणि कपाटात ठेवली तरी होते. काहीशे वेळा चार्ज केल्यावर तिची साठवण उघड कमी भासू लागते. त्यातून एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बहुधा बसत नाही, आणि तो नमुना बाजारातून गेला की धडधाकट यंत्र निकामी होऊन बसते. म्हणून यंत्र घेताना त्याच्या सुट्या बॅटरीची किंमत आधी विचारावी. ती सांगताना दुकानदार अडखळला, तर आपण काय समजायचे ते समजावे.

म्हणून तारेचीच वस्तू सर्वथा चांगली असे मात्र नाही. शिडीवर चढून भिंतीला भोक पाडताना पायात घोटाळणारी वायर जिवावर बेतू शकते. मोरीत, ओल्या हातांनी वापरावयाच्या वस्तू तारेच्या नसलेल्याच बऱ्या. तारेची साधने वापरायची तर दोन गोष्टी सोडू नयेत. प्लगची जाड व लांब पिन अर्थिंगची असते; दोनच भोकांत प्लग बसवण्याचा जुगाड कोणी करू नये. आणि वीज अंगातून जमिनीकडे वाहू लागताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा-स्विच बोर्डावर असावा.

आणि नळच कोरडा पडला तर? १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईसारख्या शहराची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा वेळी भरलेली घागरच कामाला येते. विजेरी आणि चार्जिंगचा दिवा घरात हवाच.

याच संदर्भात एक गोष्ट एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्या भगिनींसाठी सांगते. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या टेलिफोनला लागणारी वीज, सुमारे ४८ व्होल्टची, टेलिफोन एक्स्चेंजमधून त्याच तारेने येई. म्हणून घरात अंधार झाला तरी फोन चालू राही. बिनतारी फोनची बैठक मात्र घरच्या विजेवर चालते. वीज गेली की तो मुका. फायबरच्या जोडणीचा घरातला डबाही विजेवाचून चालत नाही. उशाशी ठेवलेली बिनतारी घंटा तर घट संपल्यावर गप्प बसते, आणि ते कळते नेमके गरजेच्या रात्री. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती वाजवून पाहावी, मोबाइल भरून ठेवावा आणि शेजारणीला हाक ऐकू जाईल अशी तजवीज असावी. ज्यावर जीव अवलंबून आहे, त्याला दुसरा मार्ग हवाच.

आता माझी सूचना. उद्योग विभागाचे मिक्सर आणि इस्त्र्या वायरच्याच घ्याव्यात, कारण तेथे दिवसभर काम असते आणि ऐन दिवाळीत बॅटरी भरण्याची वाट पाहात बसता येत नाही. शिवणवर्गात एक तरी पायमशीन राखावे. त्याला नळही नको आणि घागरही नको. प्रदर्शनाच्या मांडवासाठी एक बिनतारी ड्रिल आणि चार चार्जिंगचे दिवे घ्यावेत. बॅटऱ्या उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत. बरेच दिवस वापरायच्या नसतील तर अर्ध्या भरून ठेवाव्यात, अगदी रिकाम्या ठेवू नयेत. फुगलेली बॅटरी ताबडतोब बाजूला काढावी. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या नियमांनुसार त्या परत घेण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा त्या संकलनाच्या ठिकाणीच द्याव्यात.

भगिनींनो, नवे म्हणून भुलू नये आणि जुने म्हणून धरून बसू नये. काम कोणते, किती वेळाचे आणि ते अडले तर कोणाचे काय अडेल, हे तीन प्रश्न विचारून मगच पिशवीतले पैसे काढावेत.