पदवीइतकीच प्रकृतीही जपा



नाचाच्या वेशात विंगेत उभी असलेली मंडळी माझं भाषण कधी संपतंय याची वाट बघतायत, हे मला इथून दिसतंय. तेव्हा थोडक्यात बोलतो.

कॉलेजच्या आत्ताच्या अहवालात परदेशी शिकायला निघालेल्यांची नावं वाचली गेली, टाळ्याही कडाडून पडल्या. मी पडलो डॉक्टर. मला आधी आठवल्या त्या आनंदीबाई जोशी. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पण तिथली थंडी आणि आहाराची आबाळ त्यांना सोसली नाही. क्षयाने त्यांना गाठलं आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, त्या गेल्या. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. आज आहे. त्यामुळे आज आजार लपवायला आपल्याकडे काहीही सबब उरलेली नाही.

आणि तरीही परदेशी गेलेली मुलं लपवतात! घरचे घाबरतील, कर्ज काढून पाठवलंय, परीक्षा तोंडावर आहे, अशी कारणं काढत दुखणं अंगावर काढतात.

इंग्लंडचंच उदाहरण घ्या. विद्यार्थ्याला व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. सध्या तो वर्षाला ७७६ पौंड आहे. म्हणजे डॉक्टरला दाखवण्याचे पैसे तुम्ही विमानात बसण्याआधीच मोजलेले असतात. तिथे पोचलात की राहत्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, लगेच नाव नोंदवा. ताप चढल्यावर अर्ज भरायला बसू नका. तातडीचा सल्ला हवा असेल तर १११ आणि जिवावर बेतलं तर ९९९, हे दोन नंबर पाठ करा. दात आणि चष्मा मात्र इथूनच तपासून जा, त्यांचा खर्च तिथे वेगळा पडतो. तिथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक सहसा मिळत नाही, म्हणून इथून पट्ट्या भरून नेऊन मनानेच गोळ्या घेणं हा शहाणपणा नव्हे. नेहमीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, आणि तिच्यावर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्या सावळ्या कातडीला तिथलं ऊन पुरत नाही, म्हणून ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. अंधाराने मनही खचतं. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, खोलीबाहेर पडावंसं वाटेना, की विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा काही नाही. आणि जायच्या आधी वरणभात आणि दोन भाज्या करायला शिका, मुलग्यांनीसुद्धा!

पालकहो, फोनवर तुम्ही “जेवलास का?” विचारताच. त्याला “झोपलास का? डॉक्टरकडे नाव नोंदवलंस का?” हेही जोडा. आणि मूल “बरं नाही” म्हणालं, तर खर्चाचा विषय आधी काढू नका.

मित्रहो, खूप शिका, नाव काढा. पण दुखणं अंगावर काढू नका, वेळेवर सांगा. तुमच्या घरच्यांना पदवीआधी तुम्ही धडधाकट हवे आहात.