लस वस्तीपर्यंत कशी आली
(मंडळाच्या सभेतील भाषण)



साथ बदलते तसे धोरणही बदलावे लागते, हे आपण कोरोनाच्या काळात पाहिले. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले, ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. १ मार्चला साठीवरील व पंचेचाळिशीपुढील व्याधिग्रस्त, १ एप्रिलला ४५ वर्षांवरील सर्व आणि १ मेला १८ वर्षांवरील सर्व पात्र ठरले. पण १८ ते ४४ वयोगटाला ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनी, बिगारी बांधवांनी काय करायचे? कागदावर हक्क होता, दंडात लस नव्हती.

२४ मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा राज्यांना मिळाली. २१ जूनपासून सर्व प्रौढांसाठी केंद्राने मोफत लस पुरवली. नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहीम दारोदारी निघाली.

चूक सुधारण्यात कमीपणा नाही. मात्र शेवटच्या माणसाचा विचार आधी झाला असता, तर ते आठवडे वाया गेले नसते. म्हणून पुढच्या साथीची वाट न पाहता, वस्तीतील निरक्षर व एकट्या वृद्धांची यादी आपण आजच करू या.