लाल अक्षराचा अर्थ

अपराध्याच्या अंगावर समाजानें एखादी खूण कायमची लावून दिली, तर तिचा अर्थ कोणी ठरवावयाचा? ती लावणारानें, कीं ती वागविणारानें? नॅथॅनिएल हॉथॉर्न ह्या अमेरिकन लेखकाच्या १८५० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'दि स्कार्लेट लेटर' ह्या कादंबरीच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे.

कथानक सतराव्या शतकाच्या मध्यांतलें, बोस्टन येथील प्युरिटन वसाहतींतलें आहे. आपल्या मताप्रमाणें धर्म आचरतां यावा म्हणून इंग्लंड सोडून आलेले हे लोक पाप आणि गुन्हा यांत फारसा भेद मानीत नसत. वस्त्रावर अक्षर शिवण्याची शिक्षा ही केवळ कविकल्पना नव्हे. शेजारच्या प्लिमथ वसाहतींत १६५८ सालीं तसा कायदा होता. हॉथॉर्नचा एक पूर्वज १६९२ सालच्या सेलम येथील चेटकाच्या खटल्यांत न्यायाधीश होता. न्यायासनाच्या कठोरतेचा वारसा असा लेखकाच्या घराण्यांतच होता.

हेस्टर प्रिन हिच्या पतीचा बरेच दिवस पत्ता नाहीं, आणि तिला कन्या होते. मुलीच्या पित्याचें नांव ती कोणाला सांगत नाहीं. तान्ह्या पर्लला कडेवर घेऊन तिला बाजारांतील चौथऱ्यावर उभें केलें जातें, आणि छातीवर 'ए' हें अक्षर जन्मभर वागविण्याची शिक्षा होते. इंग्रजींतील व्यभिचारवाचक शब्दाचें तें आद्याक्षर. हेस्टर तें लपवीत नाहीं. लाल कापडावर सोनेरी धाग्यांनीं भरून ती तें उघडपणें धारण करते. शिवणकामावर पोट भरते, गरिबांना मदत करते, आजाऱ्यांच्या उशाशीं बसते. कांहीं वर्षांनीं तेच लोक त्या अक्षराचा अर्थ 'समर्थ' असा लावूं लागतात. त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचेंही आद्याक्षर तेंच आहे.

पर्लचा पिता म्हणजे लोकांचा आवडता धर्मोपदेशक डिम्सडेल. त्याच्या वस्त्रावर अक्षर नाहीं, परंतु त्याचा हात वारंवार छातीकडे जातो. व्यासपीठावरून तो स्वतःला जितका पापी म्हणवितो, तितका तो लोकांना अधिक पुण्यवान वाटतो. नांव बदलून राहिलेला हेस्टरचा पति वैद्य म्हणून त्याच्या सहवासांत राहतो आणि त्याची जखम भरूं देत नाहीं. एका रात्रीं आकाशांत तेजाची रेषा उमटते. डिम्सडेलला तींत आपल्या पापाचें अक्षर दिसतें. त्याच रात्रीं गव्हर्नर वारल्यामुळें गांवकरी तेंच अक्षर देवदूताचें मानतात.

पुढें अरण्यांत हेस्टर तें अक्षर काढून फेंकते. ओढ्यापलीकडे उभी असलेली पर्ल, तें पुन्हां लावल्याखेरीज आईजवळ येत नाहीं. मुलीला आई ठाऊक आहे ती त्या अक्षरासह. शेवटीं डिम्सडेल भर गर्दींत चौथऱ्यावर चढून आपला अपराध कबूल करतो आणि तेथेंच प्राण सोडतो.

हेस्टर परदेशीं जाते. पण पुढें एकटीच बोस्टनला परत येते. आतां तिच्यावर कोणाची सक्ति नसते, तरी ती तें अक्षर पुन्हां लावते. दुःखानें गांजलेल्या स्त्रिया सल्ला विचारावयास तिच्या झोंपडीकडे येतात. अक्षर न्यायाधीशांनीं दिलें; त्याचा अर्थ मात्र तिच्या आयुष्यानें ठरविला.