पेला आणि पायवाट



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही कळविला, तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या तळवड्याच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी, ज्याच्या शिवेवरून इंद्रायणी वाहते, तेथे उभे राहून कॉकटेलविषयी बोलायचे म्हणजे धाडसच. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, आम्ही मद्याची भलामण करावयास आलेलो नाही. जो घेत नाही त्याने घेऊ नये, तो सुखी आहे. परंतु जे घेतात ते आपल्याच घरातले, आपल्याच कारखान्यांतले आणि आपल्याच आय. टी. पार्कमधले लोक आहेत. ते कोठे बसतात, काय घेतात आणि घरी कसे परततात, याचा विचार कोणीतरी उघडपणे करायला हवा. तेव्हा प्रश्न असा : पायी हिंडण्याजोग्या वस्तीतल्या खाणावळींत जे उत्तम मिश्रपेय मिळते, ते उत्तम कशामुळे ठरते?

मिश्रपेय म्हटले की आपल्याला साहेबाची आठवण होते. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्या घरी जे पन्हे होते, ते तरी दुसरे काय आहे? कैरीचा आंबटपणा, गुळाची गोडी, चिमूटभर मीठ, वेलदोड्याचा वास आणि पाणी. यातले एक जरी कमीअधिक झाले तरी घरातली वडील बाई पहिल्या घोटालाच ओळखते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांनी येथल्या अरकात लिंबू, साखर, पाणी आणि मसाला मिसळून प्यायला सुरुवात केली. या पेयाला ते ‘पंच’ म्हणू लागले. डॉ. जॉन फ्रायर नावाच्या त्यांच्या वैद्याने आपल्या प्रवासवर्णनात या नावाचा संबंध आपल्या ‘पाच’ या संख्येशी जोडला आहे. कारण जिन्नस पाच. सर्वच पंडितांना ही व्युत्पत्ती मान्य आहे असे नाही. पण हा फ्रायर 1675 साली आपल्या चाकणच्या उत्तरेला जुन्नरपर्यंत येऊन गेला होता, एवढे आपण ध्यानात ठेवू. पुढे 1806 साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने वाचकाच्या पृच्छेवरून कॉकटेलची व्याख्या छापली. तीत जिन्नस चार : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. सव्वादोनशे वर्षांत नावे हजार झाली, पण गणित तेच राहिले.

या व्याख्येतला ‘पाणी’ हा शब्द आपण सहज ओलांडून जातो. वास्तविक सगळी मेख तेथेच आहे. बर्फ घालून पेय ढवळले किंवा हलविले की ते गार होते, हे सर्वांना दिसते. पण त्याच वेळी थोडा बर्फ वितळून त्याचे पाणी पेयात उतरते आणि मद्याची धार बोथट करते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घट्ट, मोठ्या खड्यांचा बर्फ हळू वितळतो. भुसभुशीत, पाणी सुटलेला बर्फ पेयाचे पाणी करून टाकतो. जाणता कारागीर या वितळण्याचाही अंदाज धरतो. तात्पर्य, जे जास्त चढते ते उत्तम, ही समजूत अडाणीपणाची आहे. उत्तम मिश्रपेयात कोणताच जिन्नस दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही, आणि मद्यानेही हा नियम पाळायचा असतो.

हा नियम पाळलेला पाहायचा असेल तर आपण पणजीला जाऊ. पाटो येथल्या कदंब बसस्थानकावर उतरावे, ओरेंची खाडी ओलांडावी, की थोड्याच चालीवर फोंताइन्हास नावाची जुनी वस्ती लागते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला आल्तिन्योची टेकडी. मध्ये अरुंद रस्ते आणि पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींची कौलारू घरे. पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थ लहान झरे असा होतो आणि टेकडीच्या पायथ्याशी जुना झराही आहे. 1818 साली उभारलेले सेंट सेबॅस्टियनचे चॅपेल या वस्तीतच आहे. रस्ते इतके अरुंद की मोटार घेऊन येणाऱ्यालाच ओशाळे वाटावे. पंधरावीस मिनिटांत सगळी वस्ती पायाखालून जाते आणि तेवढ्यात बेकरी, चॅपेल, शिंप्याचे दुकान, खाणावळ आणि चारसहा टेबलांचा बार एवढे सगळे भेटते.

या वस्तीतल्या पेल्याचा आत्मा म्हणजे काजूची फेणी. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले, आणि आज ते आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीत आपल्याच मातीतले वाटते. पिकून गळून पडलेले बोंडू गोळा करतात, तुडवून त्यांचा रस काढतात, तो आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनाने निघते ते सौम्य हुर्राक. ते मार्च ते मे एवढ्याच दिवसांचे, जणू वसंतातलेच. लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. 2009 साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 साली गोवा सरकारने तिला वारसा-पेय म्हणून मान दिला. फेणीचा दर्प उग्र. पाहुण्याच्या नाकाला तो सोसत नाही. म्हणून या भागातल्या बारवाल्यांनी तिची कोकमाशी सोयरीक जुळविली. कोकमाचा आगळ, लिंबू, सोडा, चवीला मीठ, कोठे हिरवी मिरची. की तोच उग्र वास रंगाने आणि चवीने माणसाळतो. आमच्या मते या वस्तीतले उत्तम पेय हेच. कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस त्याच किनारपट्टीवरचा आहे, आणि फेणी वगळली तरी उरलेला पेला तितकाच चवदार लागतो. एकाच टेबलाशी एक जण फेणी घातलेले आणि दुसरा न घातलेले घेऊन बसला, तरी दोघांपैकी कोणालाही कमीपणा वाटत नाही.

परंतु आम्हाला पेल्याहून त्या वस्तीने अधिक शिकविले. पायी आलेला माणूस चौथा पेला मागताना आपल्या पायांचा विचार करतो, कारण त्याच पायांनी परत जायचे असते. वाटेत शेजारी भेटणार, चॅपेलच्या पायरीवर मावशी बसलेली असणार, दुकानदार नावाने हाक मारणार. जेथे माणसाला ओळख आहे, तेथे त्याला थोडी लाज आहे. आणि जेथे लाज आहे तेथे प्रमाण आहे. गोव्यात सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथेही पिऊन गाड्या हाकणारे आहेत, आणि फोंताइन्हासमधले रहिवासी तर छायाचित्रे काढणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीने इतके गांजले आहेत की घरांवर मनाईच्या पाट्या लागल्या आहेत. तरीही वस्तीच्या घडणीने माणसाला आवर घातला जातो, हे तेथे डोळ्यांना दिसते.

आता तळवड्याकडे वळू. 1997 साली आपले गाव महानगरपालिकेत आले. शेते गेली, शेड आल्या, मग संगणकाच्या कचेऱ्या आल्या. रस्ते रुंद झाले, पण ते ट्रकसाठी आणि कंपनीच्या बसगाड्यांसाठी. संध्याकाळी पाळी सुटली की निवांत बसायला जागा कोणती? एक तर दारूच्या दुकानामागचा अंधार आणि प्लॅस्टिकचा पेला, नाहीतर हमरस्त्यावरचे दिव्यांनी झगमगलेले हॉटेल. आणि तेथे जायचे म्हणजे दुचाकी हवी. कायदा आपल्यापरीने बोलतो. 1949 सालचा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे. त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना हवा आणि कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पुरी व्हायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये हमरस्त्यांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको असा निकाल दिला. पुढल्या वर्षी त्यात सवलती आल्या आणि शहरांच्या हद्दीतले रस्ते त्यातून सुटले. मोटार वाहन कायद्याप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला, तर पहिल्याच अपराधाला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा आहे, दंड आहे. पण पायी जाऊन पायी परतण्याजोगी वाट मात्र नाही.

आमच्या एका स्नेह्याचा मुलगा असाच एका पाळीनंतर मित्रांबरोबर गेला. मुलगा व्यसनी नव्हता. मित्राच्या बढतीचा आनंद होता, एवढेच. जाताना दुचाकीवर दोघे होते, येताना एक आला. वाचलेला तो हा मुलगा. त्याचे वडील आम्हाला म्हणाले, “अण्णा, तो प्याला याचा राग माझा केव्हाच गेला. पण चार पावलांवर बसायला जागा असती, तर तो चालत घरी आला असता.” आजच्या व्याख्यानाचा विषय आम्हाला या वाक्याने दिला.

तेव्हा कोणती खाणावळ उत्तम, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही पाच कसोट्या सांगू. ‘पंच’ या नावाला शोभतील म्हणून पाचच. लिंबू समोर पिळलेले असावे, बाटलीतले नसावे. बर्फ घट्ट असावा. न मागता साध्या पाण्याचा पेला पुढे यावा आणि खायला काहीतरी पोटभरीचे असावे. न घेणाऱ्यासाठी केलेले कोकम, पन्हे किंवा पीयूष तितक्याच मन लावून केलेले असावे. तेथे त्याची बोळवण रंगीत साखरपाण्यावर होऊ नये. आणि पाचवी कसोटी सर्वांत मोठी : तेथून घरापर्यंत उजेडातून, पदपथावरून, निर्धास्तपणे चालत येता यावे. पहिल्या चार कसोट्या मालकाच्या हातच्या आहेत. पाचवी मात्र आपल्या सर्वांच्या, म्हणजे नगराच्या हातची आहे.

ती अशक्य नाही. पुण्यात 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा झाला, तेव्हा त्याच रस्त्यावर मुले बागडली. आपल्या शेजारच्या निगडी प्राधिकरणात पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी ‘हरित सेतू’ ही योजना महापालिकेने हाती घेतली. मग तळवड्याच्या चौकापासून वस्तीपर्यंत एक सलग, उजेडाचा पदपथ मागायला आपण का लाजावे? त्या वाटेवर उद्या रसवंती येईल, अमृततुल्य येईल, सहकुटुंब बसता येईल अशी खाणावळ येईल. कोणी पेला घेईल, कोणी घेणार नाही. ही वाट दोघांच्याही उपयोगी पडेल.

या मातीला पायी चालण्याचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही. दर ज्येष्ठात दोन पालख्या आपल्या दोन अंगांनी निघतात आणि लाखो माणसे पंढरपूरपर्यंत पायी जातात. ज्यांना दोनअडीचशे किलोमीटर चालता येते, त्यांच्या मुलांना संध्याकाळी घरापर्यंतची दोन फर्लांग वाट निर्धास्तपणे चालता येऊ नये, ही गोष्ट आपल्याला शोभत नाही. ती वाट मागण्यासाठी आपण एकत्र यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.