पंगतीतला प्रत्येक पाहुणा

घरी कार्य ठरलं की आचाऱ्याला आपण पानं किती ते सांगतो. कोणाला काय चालत नाही, हे सांगायचं राहून जातं. जैन पाहुण्यांना कांदा-लसूण, बटाटा नको, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला काळजी वाटते ती दाण्याच्या कुटाची. कोशिंबिरीत तो दिसतो, भरल्या वांग्याच्या रश्श्यात दिसत नाही. आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याच्या जिवावर एक घासही बेतू शकतो. गहू न चालणाऱ्याला आपण निर्धास्तपणे वरणभात वाढतो. पण फोडणीतल्या बाजारच्या हिंगात बरेचदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते! डबीवरचे घटक वाचाच. आणि अशा पाहुण्यांसाठीच्या पदार्थांचा डाव वेगळा ठेवा. कुटाच्या कोशिंबिरीतला डाव त्या पदार्थांत बुडता कामा नये.