संगणकाचे रोग आणि आपली मुले

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत मुलांचे कौतुक करण्याच्या या मंगल प्रसंगी रोगराईचा विषय काढावा, हे आपल्यापैकी कित्येकांस औचित्याला सोडून वाटेल. परंतु कार्यवाहांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसास जे मनात सलत असते तेच अशा वेळी ओठावर येते. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. उतारवयाकडे झुकता झुकता मुलांबरोबर बसून एमएस-सीआयटीची परीक्षा दिली, एवढीच माझी या विषयातील पुंजी. तथापि आज सांगावयाचे आहे ते यंत्रापेक्षा माणसाविषयी अधिक आहे.

आपण वाडीतली माणसे. केळीचा पर्णगुच्छ ठाऊक नाही असा जुना बागायतदार आपल्यात विरळाच. या रोगाने पाने आखूड, अरुंद व ताठ होतात, शेंड्याशी गुच्छासारखी दाटतात आणि झाड घड धरीत नाही. हा रोग विषाणूचा आहे. एका झाडावरून शेजारच्या झाडावर त्यास मावा नेतो; परंतु एका गावाहून दुसऱ्या गावी तो जातो मुनव्यांबरोबर. मुनवा दिसावयास टवटवीत असतो. तो व्याह्याने किंवा मेहुण्याने प्रेमाने दिलेला असतो, म्हणून आपण निःशंक मनाने तो लावतो. पुढे औषध फवारून मावा मरतो, पण झाडात शिरलेला विषाणू मरत नाही. झाड गड्ड्यासकट खणून नष्ट करावे लागते.

संगणकाचा विषाणू सजीव नव्हे. ती माणसाने हेतुपुरस्सर लिहिलेली आज्ञावली असते. परंतु तिच्या प्रवासाची रीत मुनव्यासारखीच आहे. सन १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा घरगुती संगणकांवरील पहिल्या विषाणूंपैकी एक. तो हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीवरून जगभर पसरला. पुढे फ्लॉपी गेली, पेन ड्राइव्ह आला, ई-मेल आली, व्हॉट्सअ‍ॅप आले. वाहन बदलले; परंतु विश्वासाच्या हाताने घरात शिरण्याची युक्ती तीच राहिली.

आता स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

शाळेच्या संगणक-खोलीची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती. एके सकाळी पाहतो तो एका संगणकावरील मुलांचे सारे फोल्डर दिसेनासे झालेले, आणि त्यांच्या जागी त्याच नावांची, कोपऱ्यात बारीक बाण असलेली चिन्हे. आदल्या दिवशी नववीतील एका मुलाने न विचारता आपला पेन ड्राइव्ह त्या यंत्रास लावला होता. मला तेवढे पुरे झाले. साऱ्या वर्गादेखत मी त्यास उभे केले, वाटेल तसे बोललो, वडिलांस वाडीतील काम टाकून शाळेत येण्यास भाग पाडले, आणि सत्र संपेपर्यंत त्यास त्या खोलीची बंदी केली. “सर, मी फक्त प्रकल्प आणला होता,” एवढेच तो म्हणाला. मी ते ऐकून घेतले नाही.

काही दिवसांनी दुरुस्तीसाठी एक तरुण आला. त्याने उलगडून दाखविले की हा विषाणू पेन ड्राइव्हवरील खरे फोल्डर दडवून ठेवतो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट पुढे करतो. आपण त्यावर बोट दाबले की विषाणू आधी संगणकात शिरतो आणि मागाहून खरा फोल्डरही उघडून देतो. त्यामुळे माणसास यत्किंचितही संशय येत नाही. मग त्याने माझा स्वतःचा पेन ड्राइव्ह मागितला. त्यावर तेच बाण होते, आणि त्या शॉर्टकटांची तारीख मुलाच्या प्रमादाच्या आठ दिवस आधीची होती. चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापून घेण्यासाठी तो मी झेरॉक्सच्या दुकानात नेला होता. रोग आणला होता मी. शिक्षा भोगली त्या मुलाने.

त्याच सायंकाळी त्याच्या घरी गेलो आणि वडिलांसमोर त्याची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी वर्गातही मागितली. मुलगा पुन्हा संगणक-खोलीत येऊ लागला. परंतु पूर्वी तासाला दहा प्रश्न विचारणारा तो, नंतर गप्प बसून सांगितले तेवढेच करू लागला. ही हानी कोणत्याही औषधाने भरून निघाली नाही. ती माझ्या नावावर आहे.

त्या प्रसंगानंतर मी शिकविण्याची पद्धत बदलली. खोलीच्या दारावरची ‘पेन ड्राइव्ह आणल्यास कडक शिक्षा’ ही पाटी काढून टाकली. शिक्षेच्या भयाने मुले पेन ड्राइव्ह आणावयाचे थांबत नाहीत. आणल्याचे सांगावयाचे तेवढे थांबतात. आणि न सांगितलेला रोगच वाडी बुडवितो. नव्या पाटीवर लिहिले : ‘चूक झाली तर ताबडतोब सांगा. सांगणाऱ्यास शिक्षा नाही.’ संगणक-संरक्षणाचा पहिला धडा हाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा धडा प्रत्यक्ष प्रयोगाचा. विषाणूरोधक आज्ञावली नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरचिन्हांची एक निरुपद्रवी ओळ तज्ज्ञांनी ठरवून दिली आहे. ती साध्या नोटपॅडमध्ये टंकून फाइल जतन केली की रोधक आज्ञावली खऱ्या विषाणूप्रमाणेच ओरड करते. मुलांना याची मोठी गंमत वाटे. मग मी त्यातील एक अक्षर बदलावयास सांगे, आणि रोधक मुकाट बसे! पहारेकरी बहुधा पूर्वी पाहिलेल्या चेहऱ्यालाच ओळखतो; नव्या चोरास तो सलाम करण्याचा संभव आहे, ही गोष्ट दोन मिनिटांत मुलांच्या ध्यानी येई. पहारेकरी अवश्य ठेवावा. परंतु त्याच्या भरवशावर दार उघडे टाकू नये.

तिसरा धडा वेळेवर लस टोचून घेण्याचा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेच्या आसपास देशांत संगणक बंद पाडले. फाइलींस कुलूप लावावयाचे आणि किल्लीसाठी पैसे मागावयाचे, ही तिची रीत. ज्या छिद्रातून ती शिरली ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. ज्यांनी ती ‘उद्या पाहू’ म्हणून टाळली, त्यांपैकी अनेकांवर तो उद्या उगवला. संगणक वा मोबाइल अद्ययावत करण्याची सूचना येते तेव्हा हे आठवावे.

चौथा धडा प्रतीचा, आणि त्याचे उदाहरण आपल्या समुद्रपट्टीवरचेच आहे. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ची साथ आली आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या उद्योगसमूहातील कंपनी चालवीत होती. ही साथ सुरू कोठून झाली? युक्रेनमध्ये सर्रास वापरात असलेल्या एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून! पुन्हा तेच, मुनवा ओळखीच्या वाडीतला. म्हणून अद्ययावत करणे सोडावे असे नव्हे. त्याच्या जोडीला प्रत ठेवावी. मर्स्कच्या जगभरच्या जाळ्याचा नकाशा ज्या संगणकांत होता, ते सारे पुसले गेले होते. घाना देशातील एका कचेरीत त्या सुमारास वीज गेल्यामुळे तेथील संगणक जाळ्यापासून तुटलेला होता, आणि तेवढी एकच प्रत शाबूत राहिली. तिच्या आधारे पुढची उभारणी झाली. वीज गेल्याने कोणाचे कल्याण झाल्याचे आपल्या तालुक्यात तरी ऐकिवात नाही! परंतु तात्पर्य ध्यानात घ्यावे : महत्त्वाच्या गोष्टीची एक प्रत यंत्रापासून सुटी करून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत मूळ फाइलीबरोबरच रोगी होते.

विद्यार्थी मित्रांनो, हे शास्त्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे समजू नका. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे श्री. कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतच झाले. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करता करता ते संगणकाकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत विषाणू आढळत, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उतारा लिहिला. सन १९९५ च्या सुमारास त्यातूनच ‘क्विक हील’ ही विषाणूरोधक आज्ञावली बाजारात आली. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उभे राहिलेले हे काम आहे. याच बुद्धीचा दुरुपयोग करून कोणी गंमत म्हणूनही विषाणू सोडील, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात, हेही सांगून ठेवतो.

आता वडीलधाऱ्यांस दोन शब्द. मुले हल्ली आपणांपेक्षा सावध आहेत. धोका आपल्यालाच अधिक आहे. सन २०२४ व २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून लग्नपत्रिकेच्या नावाने फाइली येऊ लागल्या. नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. ती पत्रिका नसून मोबाइलमध्ये स्थापित होणारी आज्ञावली असते. ती आत बसली व आपण तिला परवानगी दिली की बँकेचे संदेश परस्पर वाचते, आणि खाते रिकामे होते. पुढे त्याच मोबाइलवरून ती आपल्या सोयऱ्यांकडे आपल्याच नावाने जाते. ज्ञातीतील लग्नाचे आमंत्रण कोण नाकारील? आपल्या आपुलकीलाच चोराने शिडी लावली आहे. यासाठी एकच नियम पाळावा : पत्रिका म्हणून एपीके आली तर ती उघडू नये, पाठविणाऱ्यास फोन करून विचारावे. त्यात मानापमान मानू नये. मुनवा घेताना “तुमच्या वाडीत रोग नाही ना?” असे विचारणे म्हणजे काही सोयरिकीवर अविश्वास दाखविणे नव्हे.

तरीही घात झालाच तर इंटरनेट बंद करावे, बँकेस कळवावे आणि १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयातही सायबर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र शाखा आहे. यंत्रातील रोग काढण्याची विनामूल्य साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने सन २०१७ पासून उपलब्ध करून दिली आहेत. लाजेने लपवून ठेवण्यात जाणारी प्रत्येक घटका चोराच्या पदरात पडते.

शेवटी ज्ञातिसंघास एक विनंती. सुट्टीत आपल्या सभागृहात एक दिवसाचा वर्ग घ्यावा. त्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी शिकवावे आणि आपण म्हाताऱ्यांनी पहिल्या बाकावर बसावे. फळ्यावर मजकूर एवढाच असावा : चूक झाली तर ताबडतोब सांगा, सांगणाऱ्यास शिक्षा नाही. घराघरांत ही पाटी लागली, तर एका मुलाचे मी बंद पाडलेले प्रश्न इतरांच्या तोंडून पुन्हा ऐकू येतील, अशी आशा बाळगून आपली रजा घेतो.